प्रस्तावना : बी-पेशी, प्रतिपिंड आणि वर्गबदल

प्रतिपिंड या प्रथिनाला दोन कामे करावी लागतात आणि ती त्याच्या रेणूच्या दोन टोकांनी आपसांत वाटून घेतलेली असतात. एका टोकाने हा रेणू बाहेरून आलेला जिवाणू, विषाणू किंवा विष ओळखतो व त्याला घट्ट चिकटतो; दुसऱ्या टोकाने तो रक्तातील इतर प्रथिनांना आणि भक्षकपेशींना, पकडलेल्या वस्तूचे पुढे काय करायचे याचा इशारा देतो. ओळखणाऱ्या टोकाला धक्का न लावता इशारा देणारे टोक बदलण्याची क्षमता शरीरातील एकाच प्रकारच्या पेशींकडे आहे, त्या म्हणजे बी-पेशी, आणि या बदलाला प्रतिपिंडाचा वर्गबदल म्हणतात. तो घडवताना पेशी आपल्याच गुणसूत्रातील डीएनएचा लांब तुकडा कापते, उरलेली टोके जोडते आणि कापलेला तुकडा कायमचा गमावते. म्हणजे त्या पेशीच्या व तिच्या सर्व वंशजांच्या आनुवंशिक द्रव्यात तो निर्णय कोरला जातो. वैद्यकाच्या अभ्यासक्रमात प्रतिपिंडांचे पाच वर्ग बहुधा एका तक्त्यात येतात आणि विद्यार्थी तो तक्ता पाठ करून पुढे जातात. प्रस्तुत ग्रंथाची भूमिका अशी की, वर्ग हा प्रतिपिंडाचा जन्मजात गुण मानला तर या विषयाचे मर्म निसटते. रक्तात सापडणारा प्रत्येक आयजीजी किंवा आयजीई रेणू हा कुठल्या तरी पेशीने, कुठल्या तरी संकेतावरून, परतीची वाट नसलेल्या दिशेने टाकलेल्या पावलाचा पुरावा असतो, आणि तो तसाच वाचायला हवा.

दोन टोकांची ही विभागणी प्रथम स्पष्ट झाली ती रेणूचे तुकडे केल्यावर. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये रॉडनी पोर्टर यांनी सशाच्या रक्तातील प्रतिपिंडांवर पपईच्या चिकातून मिळणारे पपेन हे विकर सोडले, तेव्हा प्रत्येक रेणूचे तीन तुकडे झाले. त्यांपैकी दोन तुकडे पूर्वीप्रमाणेच लक्ष्याला चिकटत होते, तिसरा चिकटत नव्हता, पण त्याचे स्फटिक मात्र सहज तयार होत होते. स्फटिक बनण्यासाठी रेणू एकसारखे असावे लागतात, त्यामुळे हा तिसरा तुकडा वेगवेगळ्या प्रतिपिंडांमध्ये समान असला पाहिजे, हे त्यातून सूचित झाले. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये जेराल्ड एडलमन यांनी दाखवले की प्रतिपिंड ही एकच सलग साखळी नाही, तर त्यात दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. या दोघांच्या कामातून इंग्रजी वाय अक्षरासारखा जो आकार पुढे आला, त्यात वरच्या दोन फांद्यांच्या टोकांना चल भाग म्हणतात, कारण त्यातील अमिनो आम्लांचा क्रम प्रतिपिंडागणिक बदलतो. खालच्या खोडाला आणि फांद्यांच्या बुंध्याला स्थिर भाग म्हणतात. १९७२ चा नोबेल पुरस्कार या कामासाठी दोघांना मिळाला. वर्गबदलात बदलतो तो जड साखळीचा स्थिर भाग, आणि तेवढाच.

हा स्थिर भाग म्यू, डेल्टा, गॅमा, अल्फा आणि एप्सिलॉन अशा पाच प्रकारांचा असतो व त्यावरून आयजीएम, आयजीडी, आयजीजी, आयजीए आणि आयजीई ही नावे पडली आहेत. आयजीएम हा संसर्गानंतर पहिला उतरणारा वर्ग होय. त्याचे पाच वाय एकत्र बांधलेले असल्यामुळे त्याला दहा चिकटणारी टोके मिळतात, आणि एकेका टोकाची पकड सैल असली तरी दहांची मिळून ती पुरेशी ठरते. रक्तातील पूरक प्रथिनांची साखळी जागी करून जिवाणूच्या आवरणाला भोके पाडण्यात तो अत्यंत तरबेज असतो, पण आकाराने अवजड असल्यामुळे तो रक्तवाहिन्यांतून सहज बाहेर पडत नाही. आयजीजी हा एकटा वाय, आयजीएमच्या सुमारे एक-षष्ठांश वजनाचा. तो ऊतींमध्ये झिरपतो, भक्षकपेशींना आपले खोड पकडू देतो आणि रक्तात सरासरी तीन आठवड्यांच्या अर्धायुष्याने टिकतो, जे आयजीएमच्या बाबतीत जेमतेम पाच दिवसांचे असते. या दीर्घायुष्याचे कारण त्याच्या खोडातच आहे. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशी रक्तातली प्रथिने गिळून पचवत असतात, परंतु त्यांच्या आतील एक ग्राहक-प्रथिन आयजीजीचे खोड ओळखून त्याला पचनातून वाचवते आणि पुन्हा रक्तात सोडते. हेच ग्राहक-प्रथिन मानवी वारेत आईचे आयजीजी बाळाकडे पोहोचवते, म्हणून पूर्ण दिवसांचे मूल आईच्या प्रतिपिंडांची शिदोरी घेऊन जन्मते आणि फार लवकर जन्मलेल्या बाळाजवळ ती अपुरी असते. गाईच्या वारेतून मात्र प्रतिपिंड जात नाहीत. तिच्या वासराला ते पहिल्या चिकातूनच मिळतात व त्याचे आतडे जन्मानंतरच्या पहिल्या दिवसापुरतेच ते अखंड शोषून घेऊ शकते. ज्या चिकाचा घरोघरी खरवस होतो, त्याचे घट्ट होणे हे त्यातील प्रथिनांच्या विपुलतेचे लक्षण असून त्या प्रथिनांत आयजीजीचा वाटा मोठा असतो. वासराचा वाटा आधी काढून ठेवण्याची गोपालकांची रीत म्हणूनच जपण्यासारखी आहे. आयजीए जोडीने बांधला जाऊन आतडे, श्वासमार्ग, लाळ आणि मातेचे दूध यांत स्रवतो, तर आयजीई रक्तात अत्यल्प असूनही मास्ट पेशींवर बसून जंतांविरुद्ध, आणि दुर्दैवाने परागकण वा शेंगदाण्याविरुद्धही, तीव्र प्रतिक्रिया घडवतो. आयजीडीचे कार्य या चौघांइतके स्पष्ट नाही आणि त्याची चर्चा पुढे जनुकांच्या संदर्भात येईल.

रक्तात असे काही संरक्षक द्रव्य असते हे १८९० पासून ठाऊक होते. त्या वर्षी बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी धनुर्वाताच्या विषाची सवय लावलेल्या प्राण्याचे रक्तजल दुसऱ्या प्राण्याला टोचून त्याला वाचवता येते हे दाखवले, आणि घटसर्पाच्या बाबतीतही तेच सिद्ध झाले. परंतु ते द्रव्य कोणती पेशी बनवते या प्रश्नाला अर्धशतक उत्तर नव्हते. स्वीडनमध्ये ॲस्ट्रिड फाग्रेयस यांनी १९४८ मध्ये प्लीहेच्या अभ्यासातून ते काम प्लाझ्मा पेशींचे असल्याचे दाखवले. अमेरिकेत १९५२ मध्ये ऑग्डेन ब्रूटन या लष्करी वैद्याने वारंवार जिवाणूसंसर्ग होणाऱ्या आठ वर्षांच्या एका मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन जवळजवळ नसल्याचे नोंदवले आणि ते बाहेरून टोचून त्याचे आजार आटोक्यात आणले. १९५६ मध्ये ब्रूस ग्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या शेपटीजवळील फॅब्रिशियसची पिशवी काढून टाकली तर ती कोंबडी प्रतिपिंड बनवू शकत नाही, असा शोध लावला. तो कुक्कुटविज्ञानाच्या नियतकालिकात छापून आल्यामुळे वैद्यकातील जाणकारांच्या नजरेस पडायला काही वर्षे गेली, ही गोष्ट विज्ञानातील शाखांमधल्या भिंती किती महाग पडतात याची साक्ष आहे. बी-पेशी हे नाव त्या पिशवीच्या लॅटिन नावावरून आले. मानवात अशी पिशवी नसते आणि येथे बी-पेशी अस्थिमज्जेत जन्मतात.

मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या निवडीच्या सिद्धान्तानुसार प्रत्येक बी-पेशी एकाच लक्ष्यासाठी एकाच प्रकारचे प्रतिपिंड बनवते, आणि जिचे प्रतिपिंड आलेल्या शत्रूला जुळते तीच पेशी विभागून आपला वंश वाढवते. हा सिद्धान्त टिकला, पण त्याने आनुवंशशास्त्रापुढे दोन कोडी उभी केली. पहिले असे की, कोट्यवधी वेगवेगळी प्रतिपिंडे बनवायला कोट्यवधी जनुके लागतील आणि मानवी गुणसूत्रांत तेवढी जागाच नाही. दुसरे कोडे वर्गांचे होते. मेलबर्नमध्ये गुस्ताव नोसाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये एकेक पेशी वेगळी काढून तिचे प्रतिपिंड तपासले, तेव्हा जड आयजीएमकडून हलक्या आयजीजीकडे होणारे स्थित्यंतर एकाच पेशीत घडते असे दिसले. दोन्ही प्रकार एकाच वेळी बनवणाऱ्या काही पेशीही त्यांना सापडल्या. लक्ष्य तेच राहून वर्ग बदलतो याचा अर्थ, एकच चल भाग आधी म्यू आणि नंतर गॅमा खोडावर बसवला जातो. विल्यम ड्रायर आणि जे. क्लॉड बेनेट यांनी १९६५ मध्येच धाडसाने सुचवले होते की प्रतिपिंडाची एक साखळी दोन वेगळ्या जनुकखंडांपासून बनत असावी. एक जनुक म्हणजे एक प्रथिनसाखळी या त्या काळच्या श्रद्धेला ती सूचना सरळ छेद देणारी होती आणि म्हणून बराच काळ ती बाजूला पडली.

पहिल्या कोड्याचे उत्तर १९७६ मध्ये बाझेल येथे सुसुमु तोनेगावा आणि नोबुमिची होझुमी यांनी दिले. उंदराच्या भ्रूणातील डीएनए आणि प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशीतील डीएनए त्यांनी तुलनेला घेतले, तेव्हा भ्रूणात दूर असलेले चल आणि स्थिर भागांचे खंड प्रौढ पेशीत जवळ आलेले दिसले. अस्थिमज्जेत बी-पेशी घडत असताना चल भागाचे लहान लहान खंड निवडून, मधले काढून टाकून, जोडले जातात व प्रत्येक पेशीत ही जोडणी वेगळी होते. जन्मापासून मृत्यूपर्यंत शरीरातील सर्व पेशींचा डीएनए एकच असतो, या समजुतीला पडलेला हा पहिला ठोस तडा होता.

दुसऱ्या कोड्याची उकल तासुकु होन्जो यांच्या नावाशी जोडलेली आहे. तोक्यो विद्यापीठात काम करताना १९७८ मध्ये होन्जो आणि तोहरु काताओका यांनी उंदरांतील मायलोमाच्या, म्हणजे प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगाच्या, वेगवेगळ्या वाणांमधील डीएनए मोजून पाहिला. त्यांना आढळले की जो वाण आयजीएम बनवतो त्यात स्थिर भागांची बाकीची जनुके शाबूत आहेत, परंतु इतर वर्ग बनवणाऱ्या वाणांत काही जनुके कमी झाली आहेत. आणि ती सरसकट कमी होत नसून वर्गागणिक ठरावीक क्रमाने कमी होतात. ज्या वाणात जितकी जास्त जनुके गायब, त्याने बनवलेला वर्ग रांगेत तितका पुढचा, असे मानले तर सर्व निरीक्षणे एका सूत्रात बसत होती. म्हणजे जनुके प्रत्यक्ष वाचण्याची सोय नसताना, निव्वळ अनुपस्थितीच्या नोंदींवरून त्यांनी गुणसूत्रावरील मांडणी ओळखली आणि मधला भाग कापला जातो असा सिद्धान्त मांडला. जीवशास्त्रातील तर्कशुद्ध अनुमानाचे इतके निर्मळ उदाहरण क्वचित सापडते, आणि विद्यार्थ्यांनी निष्कर्षाबरोबर तो तर्कही शिकावा म्हणून पुस्तकात त्यावर स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

मानवात ही रांग चौदाव्या गुणसूत्रावर आहे. जोडून तयार झालेल्या चल भागामागे प्रथम म्यू, मग डेल्टा, त्यानंतर गॅमा-३, गॅमा-१, अल्फा-१, गॅमा-२, गॅमा-४, एप्सिलॉन आणि शेवटी अल्फा-२ अशी स्थिर भागांची जनुके उभी असतात. डेल्टा सोडून प्रत्येकाच्या अलीकडे काही हजार अक्षरांचा, त्याच त्या लहान आकृतिबंधांच्या पुनरावृत्तीचा एक पट्टा असतो, त्याला बदलक्षेत्र म्हणता येईल. पेशीने गॅमा-१ कडे जायचे ठरवले की म्यूच्या बदलक्षेत्रात आणि गॅमा-१ च्या बदलक्षेत्रात असे दोन ठिकाणी डीएनए तुटतो, मधला भाग वर्तुळ होऊन बाहेर पडतो आणि उरलेली टोके सांधली जातात. चल भाग आता गॅमा-१ च्या शेजारी येतो. म्यू, डेल्टा आणि गॅमा-३ कायमची गेली, त्यामुळे ही पेशी परत आयजीएम बनवू शकत नाही; मात्र पुढे उरलेल्या गॅमा-४ किंवा एप्सिलॉनकडे ती आणखी एक उडी घेऊ शकते. प्रवास एकाच दिशेने होतो, हे या प्रक्रियेचे सर्वांत महत्त्वाचे बंधन आहे.

डीएनए नेमका तिथेच का तुटतो, हे समजायला आणखी दोन दशके लागली. होन्जो यांच्या क्योतो येथील प्रयोगशाळेने उंदराच्या बी-पेशींचा असा एक वाण हाताशी धरला, जो योग्य संकेत मिळताच आयजीएमवरून आयजीएवर जात असे. संकेताआधीच्या आणि नंतरच्या पेशींतील संदेशवाहक आरएनए, म्हणजे जनुकावरून उतरवलेल्या व प्रथिन बनवण्यासाठी नेल्या जाणाऱ्या प्रती, त्यांनी एकमेकांतून वजा करून पाहिल्या. जे उरले त्यात मासामिची मुरामात्सु यांना १९९९ मध्ये एक अपरिचित विकर सापडले, ज्याला आज एआयडी या आद्याक्षरांनी ओळखतात. २००० मध्ये दोन शोधनिबंध एकत्र प्रसिद्ध झाले. एकात हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत वर्गबदल पूर्ण थांबल्याचे दाखवले होते. दुसऱ्यात पॅरिसमधील ॲन ड्युरांदी, अलँ फिशर आणि त्यांच्या गटाने अशा रुग्णांची नोंद केली होती, ज्यांच्या रक्तात आयजीएम भरपूर पण आयजीजी, आयजीए व आयजीई जवळजवळ नाहीत आणि ज्यांच्यात हेच जनुक सदोष आहे. प्रयोगातील उंदीर आणि रुग्णालयातील मुले यांनी एकाच वेळी एकच उत्तर द्यावे, असा योग विज्ञानात विरळा येतो.

एआयडी करते काय, यावर मात्र मोठा वाद झाला. त्याची रचना आरएनएमध्ये बदल करणाऱ्या एका ज्ञात विकराशी मिळतीजुळती असल्यामुळे होन्जो यांचे मत होते की ते एखाद्या संदेशवाहक आरएनएचे संपादन करत असावे. केंब्रिजमध्ये मायकेल नॉयबर्गर यांनी उलट बाजू घेतली. २००२ मध्ये त्यांच्या गटाने हे विकर ई. कोलाय या साध्या जिवाणूत बनवून घेतले आणि जिवाणूच्या डीएनएमध्ये उत्परिवर्तने वाढल्याचे दाखवले. डीएनएत चुकून आलेले युरॅसिल काढून टाकणारे दुरुस्ती-विकर नसलेल्या जिवाणूंत ती वाढ अधिकच ठळक होती. यावरून एआयडी थेट डीएनएवर काम करून सायटोसिन या अक्षराचे युरॅसिल करते, असा अर्थ निघाला. युरॅसिल डीएनएत परके असल्याने पेशीची दुरुस्ती-यंत्रणा ते काढायला धावते, दोन्ही धाग्यांवर जवळजवळ अशा खाचा पडल्या की डीएनए आरपार तुटतो, आणि तुटकी टोके जोडण्याची नेहमीची यंत्रणा दूरच्या दोन बदलक्षेत्रांना सांधून टाकते. म्हणजे पेशी येथे स्वतःच्या दुरुस्ती-व्यवस्थेचाच उपयोग रचना बदलण्यासाठी करते. ते दुरुस्ती-विकर नसलेल्या उंदरांत आणि पुढे २००३ मध्ये तशाच मानवी रुग्णांत वर्गबदल बिघडलेला आढळला, तेव्हा बहुसंख्य अभ्यासकांचा कौल नॉयबर्गर यांच्याकडे गेला. एआयडीला काम करण्यासाठी उघडा, एकेरी धागा लागतो आणि तो मिळतो प्रतिलेखनामुळे, म्हणजे डीएनएवरून आरएनए उतरवण्याच्या क्रियेमुळे. निवडलेल्या बदलक्षेत्रावर आधी एक असा आरएनए उतरवला जातो, ज्यातून कोणतेही प्रथिन बनत नाही. त्याच्या निर्मितीसाठी धागे उलगडले जातात, एवढेच त्याचे प्रयोजन असते. कोणत्या बदलक्षेत्रावर हे प्रतिलेखन सुरू करायचे हे बाहेरचे संकेत ठरवतात, आणि वर्गाची निवड म्हणजे मुळात हीच निवड होय.

हे संकेत प्रामुख्याने मदतनीस टी-पेशींकडून येतात. टी-पेशीच्या पृष्ठभागावरील सीडी-४० लिगँड हे प्रथिन बी-पेशीवरील सीडी-४० ला भिडले की वर्गबदलाची परवानगी मिळते. हा लिगँड जन्मतः सदोष असलेल्या मुलग्यांत आयजीएमच्या पलीकडे काही तयार होत नाही, हे १९९३ मध्ये उलगडले. दिशा ठरते ती त्यासोबत सुटणाऱ्या संदेशवाहक प्रथिनांवरून. इंटरल्युकिन-४ असेल तर पेशी आयजीईकडे आणि मानवात आयजीजी-४ कडे वळते, आतड्याच्या परिसरात टीजीएफ-बीटा असेल तर आयजीएकडे. लसिका ग्रंथींमध्ये बी-पेशींच्या वेगाने विभागण्याची जी ठिकाणे असतात त्यांना अंकुरण केंद्रे म्हणतात, व वर्गबदल तेथेच होतो असे पाठ्यपुस्तके वर्षानुवर्षे सांगत आली. २०१९ मध्ये उंदरांवरील अभ्यासाने तो बव्हंशी पेशी त्या केंद्रात शिरण्याच्या आधीच होतो असे दाखवले आहे. त्यामुळे जुन्या आकृत्या आता सावधपणे वापराव्या लागतील.

जनुक बदलले म्हणजे प्रथिन तयार झाले असे नाही, आणि या विषयावरील लेखनात ही दुसरी बाजू अनेकदा उपेक्षित राहते. जनुकातील माहितीवरून प्रत्यक्ष प्रथिन तयार होणे याला अभिव्यक्ती म्हणतात व बी-पेशींमध्ये तिचे नियंत्रण प्रत्येक पायरीवर दिसते. अद्याप शत्रूशी गाठ न पडलेली बी-पेशी आयजीएम आणि आयजीडी दोन्ही एकाच वेळी पृष्ठभागावर धारण करते, आणि त्यासाठी ती डीएनएला हात लावत नाही; म्यू आणि डेल्टा दोन्ही ओलांडून जाणारा एक लांब आरएनए उतरवून त्याची कापणी ती दोन तऱ्हांनी करते. डेल्टाला स्वतःचे नेहमीचे बदलक्षेत्र का लागत नाही याचे उत्तर येथे आहे. असाच आरएनएच्या पातळीवरचा निर्णय पेशीच्या आवरणात रुतलेले प्रतिपिंड आणि बाहेर सोडलेले प्रतिपिंड यांतील भेद ठरवतो: आरएनएचे शेपूट जवळच्या जागी तोडले तर आवरणात रुतणारा तुकडा गळून पडतो व प्रथिन स्रवते, लांबच्या जागी तोडले तर ते आवरणात अडकून ग्राहक म्हणून काम करते. १९८० मध्ये हे उघड झाले तेव्हा एकाच पेशीजन्य जनुकातून दोन प्रथिने निघू शकतात याचे ते अगदी आरंभीचे उदाहरण होते.

स्रवणाऱ्या अवस्थेत गेलेली बी-पेशी म्हणजे प्लाझ्मा पेशी. ब्लिम्प-१ हे नियंत्रक प्रथिन बी-पेशीची जुनी ओळख पुसते, एक्सबीपी-१ हे दुसरे नियंत्रक आंतर्द्रव्यजालिकेचा, म्हणजे प्रथिने घडवणाऱ्या पडद्यांच्या जाळ्याचा, विस्तार करते, आणि काही दिवसांत ती पेशी सेकंदाला हजारो प्रतिपिंडे बाहेर सोडू लागते. इतक्या वेगात चुकीच्या घड्या पडण्याचा धोका मोठा असतो. जड साखळी एकटी असताना तिला बिप नावाचे सहायक प्रथिन धरून ठेवते आणि हलकी साखळी येऊन जुळेपर्यंत बाहेर जाऊ देत नाही; १९८३ मध्ये हे प्रथिन सापडले तेच जड साखळीला चिकटलेले म्हणून. पुढे ते सर्वच पेशींतील प्रथिनांच्या जडणघडणीचे एक प्रमुख राखणदार ठरले. मायलोमाच्या रुग्णांना प्रथिने मोडीत काढणारी यंत्रणा रोखणारी औषधे लागू पडतात, त्याचे एक कारण या पेशींवरील निर्मितीचा हाच असह्य भार आहे.

स्वतःचा डीएनए तोडण्याची मुभा असलेली पेशी अर्थातच धोक्यात जगते. युगांडात काम करणाऱ्या डेनिस बर्किट यांनी १९५८ मध्ये मुलांच्या जबड्यातील एका वेगाने वाढणाऱ्या गाठीचे वर्णन केले. १९८२ मध्ये कळले की त्या कर्करोगात आठव्या गुणसूत्रावरील मिक हे पेशीविभाजनाला चालना देणारे जनुक चौदाव्या गुणसूत्रावर, प्रतिपिंडाच्या जड साखळीच्या शेजारी, जाऊन पडते आणि अखंड सक्रिय राहते. आफ्रिकेबाहेर तुरळक आढळणाऱ्या प्रकारात हा तोड बऱ्याचदा बदलक्षेत्रातच असतो. बहुसंख्य लिम्फोमा बी-पेशींचे असतात यामागे ही किंमत आहे, आणि उत्क्रांतीने ती मोजणे पत्करले यावरून वर्गबदलाचे मोल किती असले पाहिजे याची कल्पना येते.

महाराष्ट्रातील वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. पावसाळ्यात डेंग्यूच्या संशयाने रक्त तपासले जाते तेव्हा अहवालात आयजीएम आणि आयजीजी असे दोन निकाल येतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने विकसित केलेले आयजीएम-तपासणी संच देशभरातील सरकारी प्रयोगशाळांत वापरले जातात. ताप आल्यावर साधारण पाचव्या दिवसापासून आयजीएम दिसू लागतो, त्यामुळे त्याआधीचा नकारार्थी अहवाल रोग नाही असे सांगत नाही. आणि पहिल्याच दिवसांत आयजीजी चढलेला आढळला तर ती जुन्या संसर्गात वर्गबदल करून ठेवलेल्या स्मृतिपेशींची जाग असते, म्हणजे डेंग्यू दुसऱ्यांदा झाला असण्याची शक्यता, जिच्याकडे डॉक्टरांनी अधिक सावधगिरीने पाहायचे असते. सर्पदंशावरील प्रतिविष घोड्यांना विषाच्या वाढत्या मात्रा पुन्हा पुन्हा टोचून मिळवतात, जेणेकरून त्यांच्या रक्तात पक्की पकड असलेला आयजीजी साठतो, आणि मुंबईच्या हाफकिन संस्थेपासून चालत आलेल्या या उद्योगात आज त्या आयजीजीचे खोड पेप्सिन या विकराने छाटून फक्त पकडणाऱ्या फांद्या कुपीत भरल्या जातात, कारण रुग्णाच्या शरीरात घोड्याचे खोड विपरीत प्रतिक्रिया वाढवते.

याहून बोलके उदाहरण लसींचे आहे. काही जिवाणूंचे बाह्य आवरण साखरेच्या लांब साखळ्यांचे असते. टी-पेशी प्रथिनांचे तुकडे ओळखतात, शर्करा ओळखत नाहीत, त्यामुळे निव्वळ शर्करेची लस बी-पेशीला मदतीविना सोडते, वर्गबदल तोकडा होतो, स्मृती राहत नाही आणि दोन वर्षांखालील बालकांना तिचा फारसा उपयोग होत नाही. तीच शर्करा एखाद्या प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडली, की बी-पेशी शर्करेला पकडून प्रथिनही आत ओढते, त्याचे तुकडे टी-पेशीला दाखवते आणि मोबदल्यात वर्गबदलाचा संकेत मिळवते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने याच तत्त्वावर, मेनिंगोकोकसच्या अ गटाची शर्करा धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या प्रथिनाला जोडून, आफ्रिकेसाठी बनवलेली स्वस्त लस डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोपासून वापरात आली, आणि त्या पट्ट्यात जिच्या साथी पिढ्यान् पिढ्या मुले मारत होत्या, त्या अ गटाच्या मेंदूज्वराचा जवळजवळ नायनाट झाला. प्रयोगशाळेतील मूलभूत ज्ञान आणि पुण्यातील कारखान्याचे कौशल्य यांचा हा संयोग मराठी वाचकाला जितका ठाऊक असायला हवा तितका नाही, ही खंत येथे नोंदवणे आवश्यक वाटते.

कोविडच्या काळाने या विषयाला एक नवा प्रश्न दिला. जर्मनीतील अभ्यासकांनी दाखवले की संदेशवाहक आरएनएवर आधारित लसीच्या वारंवार मात्रांनंतर, विशेषतः तिसऱ्या मात्रेनंतर, विषाणूविरोधी प्रतिपिंडांत आयजीजी-४ चे प्रमाण लक्षणीय वाढते, तर पुण्यात बनलेल्या कोविशिल्डसारख्या ॲडिनोविषाणूवाहक लसींच्या गटात तशी वाढ आढळली नाही. आयजीजी-४ भक्षकपेशींना आणि पूरक प्रथिनांना फारसे चेतवत नाही. मधमाश्या पाळणाऱ्यांत, ज्यांना वर्षानुवर्षे दंश होत राहतात, तोच वाढलेला असतो व तो त्यांना तीव्र ॲलर्जीपासून वाचवतो. विषाणूच्या बाबतीत हा सौम्यपणा हिताचा की अहिताचा यावर मतभेद आहेत. पण तो कसा घडला असावा हे रांगेतील स्थानावरून समजते: गॅमा-४ हे गॅमा-१ च्या पुढे उभे आहे, त्यामुळे आयजीजी-१ बनवणाऱ्या स्मृतिपेशीला पुन्हा पुन्हा जाग आली तर तिला मागे जाता येत नाही, पुढची एक उडी मात्र घेता येते.